जादूगाराची ट्रंक उघडण्यापूर्वी: जादूच्या प्रयोगांचा ठेवा जपण्याची क्रमवार पद्धत

"वडील जादूचे प्रयोग करायचे. त्यांच्या दोन ट्रंका माळ्यावर होत्या. दिवाळीच्या साफसफाईत खाली काढल्या, सगळं पुसून-धुऊन लख्ख केलं. आता हे जपायचं कसं?" अशा अर्थाचे फोन मला अधूनमधून येत असतात. विचारणाऱ्याच्या मनात वडिलांविषयी माया असते, सामान टिकावं अशी खरी इच्छा असते. पण फोन येईपर्यंत निम्मा ठेवा गेलेला असतो. तो वाळवीने किंवा पावसाने गेलेला नसतो, साफसफाईत गेलेला असतो.

नाटकाला संहिता असते, कीर्तनकाराची वही असते. जादूगार मात्र आपला प्रयोग सहसा लिहून ठेवत नाही. कोणता रुमाल कोणत्या नळीत, कोणत्या घडीने, कोणत्या खिशात, आणि ट्रंकेत कोणती वस्तू सगळ्यात वर, हीच त्याची संहिता. वर ठेवलेली वस्तू आधी लागायची म्हणून वर असते. ट्रंक रिकामी करून जिन्नस जातवारीने लावले, की ती संहिता पुसली जाते. एका घरी मी पोहोचलो तेव्हा आजोबांचा काळा कोट नातवाच्या मापाचा करून झाला होता. शिंप्याने आतले "जास्तीचे" सात खिसे उसवून टाकले होते. त्या खिशांच्या जागा आणि खोली यांवर चाळीस मिनिटांचा कार्यक्रम उभा असायचा. कोट आज कपाटात आहे, कार्यक्रम गेला.

म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका. एखादा टप्पा अपुरा राहिला तरी चालेल, पण पुढचा आधी करू नका.

तयारी: हाताशी काय हवे

दोन माणसे हवीत, एक हात लावणारा आणि एक लिहिणारा. एकट्याने हे काम करायला बसू नका. हातात वस्तू असताना लिहिणे होत नाही आणि "नंतर लिहू" म्हटलेले नंतर आठवत नाही.

सामान साधे आहे: मऊ शिसपेन्सिल, बांधीव नोंदवही, धुऊन खळ काढलेले मांजरपाट, मऊ ब्रश, सुती दोरा आणि जाड कागदाच्या चिठ्ठ्या, मोबाइल किंवा कॅमेरा, पांढरी चादर, मोजपट्टी, हातमोजे, मास्क. बॉलपेन, सेलोटेप, स्टेपलर, रबरबँड, डिंक आणि चिकटणारे स्टिकर या खोलीत आणूच नका. हाताशी असले की वापरले जातात.

जागा कोरडी, पंखा बंद, खिडकीतून ऊन थेट येत नाही अशी निवडा. पावसाळ्यात ट्रंक उघडणे टाळा. एका ट्रंकेला पूर्ण दिवस द्या.

टप्पा १: आधी माणसे, मग ट्रंक

कागद वर्षानुवर्षे थांबतो, ऐंशी वर्षांचा मदतनीस थांबत नाही. म्हणून पहिले काम मुलाखतीचे.

कोणाला भेटायचे याची यादी करा: जोडीदार, रंगमंचावरचे मदतनीस, पेटी बनवणारा सुतार, पोशाख शिवणारा शिंपी, टेप लावणारा, दौऱ्यावरच्या टेम्पोचा चालक. यात पत्नीचे नाव पहिले लिहा. फिरत्या जादूगारांच्या घरात रुमाल शिवणे, घड्या घालणे, कबुतरे सांभाळणे आणि ऐन प्रयोगात पेटीत शिरणे ही कामे बहुधा तीच करायची. हॅन्डबिलवर तिचे नाव क्वचितच सापडते. ९ एप्रिल १९५६ ला बीबीसीच्या पॅनोरमा या दूरचित्रवाणी कार्यक्रमात प्रसिद्ध भारतीय जादूगार पी. सी. सरकार यांनी एका मुलीला करवतीने कापण्याचा प्रयोग केला. ती उठून उभी राहण्याआधीच कार्यक्रम संपवला गेला आणि मुलगी मेली असे वाटून प्रेक्षकांनी फोनचा पाऊस पाडला. ती मुलगी दीप्ती डे. प्रकरण वर्तमानपत्रांत गाजले म्हणून तिचे नाव टिकले. आपल्याकडच्या शेकडो दीप्तींची नावे फक्त घरातल्या माणसांना ठाऊक आहेत, आणि ती आत्ता विचारली नाहीत तर कायमची जातील.

मुलाखत घेताना "किती प्रयोग केलेत?", "कोणकोण मोठी माणसे आली होती?" असे विचारले की ठरावीक उत्तरे मिळतात. त्याऐवजी असे विचारा:

- पडदा उघडायच्या आधी टेबलाच्या डाव्या बाजूला काय असायचे?
- सेटिंग लावायला किती वेळ लागायचा, आणि कोण लावायचे?
- एक खेळ संपला की ती वस्तू कोणाच्या हातात जायची?
- कधी फसले होते? तेव्हा काय केले?
- कोणता खेळ गावात चालायचा आणि शहरात नाही?

फसल्याचा प्रश्न टाळू नका. त्यातून जेवढे तंत्र कळते तेवढे दुसऱ्या कशातून कळत नाही. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यासोबत हातांचेही चित्रण करा. तोंडाने "असेच करायचो काहीतरी" म्हणणारा माणूस रिकाम्या हवेत बोटे नेमकी वळवून दाखवतो. बैठक पाऊण तासाची ठेवा आणि दुसऱ्यांदा नक्की जा. पहिल्या भेटीने जागी झालेली आठवण दोन दिवसांनी पूर्ण होते.

तपासा: बोलणाऱ्याने काय जाहीर करायला परवानगी दिली आणि काय नाही, हे लेखी घेतले का? याचे कारण नवव्या टप्प्यात येईल.

टप्पा २: हात घालण्याआधी धोक्याची पाहणी

हा टप्पा लोक पूर्ण वगळतात आणि हाच सगळ्यात जोखमीचा आहे. जादूगाराची ट्रंक ही आजीच्या पैठणीची ट्रंक नव्हे. तिच्यात आग, आम्ल आणि पाती असू शकतात.

*भपकन जळणारा कागद व कापूस.* फ्लॅश पेपर, फ्लॅश कॉटन या नावांनी जादूगार तो वापरतात. हे नायट्रोसेल्युलोज असते. ताजे असताना क्षणात जळून राख उरत नाही, म्हणून तर ते वापरायचे. जुने झाले की ते विघटित होत जाते आणि उष्णतेने आपोआपही पेटू शकते. डबीत पातळ, पांढरट कागदाचे तुकडे किंवा कापूस दिसला तर तो कुटू नका, चोळू नका, "बघू जळतो का" म्हणून काडी लावू नका.

*पावडरी आणि बाटल्या.* हाताने आग लावण्याच्या, पाण्याचे सरबत करण्याच्या खेळांसाठी पोटॅशियम क्लोरेट, पोटॅशियम परमँगनेट, फॉस्फरस, गंधकाम्ल, ऑक्झॅलिक आम्ल अशी रसायने वापरली जात. काहींचे एकमेकांत मिसळणे स्फोटक, काही विषारी. बुचाभोवती खडे जमलेली बाटली फिरवून उघडू नका. काहीही मोरीत ओतू नका. ट्रंक आहे तिथेच ठेवा, मुलांना दूर ठेवा आणि अग्निशमन दलाला कळवा. त्यांना "जादूच्या प्रयोगाची जुनी रसायने" असे स्पष्ट सांगा.

*सेल्युलॉइडचे चेंडू.* बोटांमध्ये एकाचे चार होणारे जुने गुळगुळीत चेंडू बरेचदा सेल्युलॉइडचे असतात. कापरासारखा वास येतो. तेही नायट्रोसेल्युलोजच्याच कुळातले आणि ज्वालाग्राही. हवाबंद डब्यात कोंडू नका. साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, फोटो आणि धातूपासून लांब, थंड जागी ठेवा. खरे-खोटे पाहायला तापलेली सुई टोचण्याचा सल्ला काही ठिकाणी वाचायला मिळतो. तो पाळू नका.

*बाकी.* आगीच्या खेळातला राखाडी, तंतुमय कापडी हातमोजा किंवा दोर अ‍ॅस्बेस्टॉसचा असू शकतो. तो झटकू नका, न हलवता पिशवीत बंद करा. पिस्तूल सापडले तर ते नकली आहे असे स्वतः ठरवू नका, पोलिसांना कळवा. हस्तिदंती टोकाची कांडी, कातडी, कवटी अशा वस्तू वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात. त्या विकण्याचा विचारही नको, वनखात्याला विचारा.

सावधान: न उघडणारे कुलूप किंवा पेटी जोर लावून उघडू नका, तेल सोडू नका. जादूगाराच्या सामानात न उघडणारी वस्तू बहुधा बिघडलेली नसते, तशीच बनवलेली असते.

टप्पा ३: जागच्या जागी फोटो

झाकण उघडा आणि हात मागे घ्या. वरून सरळ एक फोटो, चारही बाजूंनी एकेक, झाकणाच्या आतल्या बाजूचा एक. झाकणाला चिकटवलेल्या चिठ्ठ्या, रेल्वेच्या सामानाची लेबले, खडूने लिहिलेले आकडे हे सगळे प्रवासाचे पुरावे आहेत.

मग एक थर काढा आणि पुन्हा फोटो. तळापर्यंत असेच. प्रत्येक फोटोत थराचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी आणि मोजपट्टी दिसली पाहिजे.

घडी घातलेली, गुंडाळलेली, एकात एक खुपसलेली वस्तू आधी तशीच टिपा. नंतर ती सोडवताना चलचित्रण सुरू ठेवा. एका पिशवीतून मी घाईने रुमाल ओढून काढले होते. ते एकमेकांना बारीक दोऱ्याने अडकवलेले होते आणि तो दोरा कोणत्या टोकाला होता हे आता कोणीच सांगू शकत नाही. ही चूक माझी. त्या दिवसापासून चित्रण सुरू झाल्याशिवाय मी गाठ सोडत नाही.

टप्पा ४: क्रमांक आणि नोंदवही

प्रत्येक वस्तूला एकच क्रमांक, आणि तो कधी बदलायचा नाही. पद्धत सोपी ठेवा: ट्रंक, थर, वस्तू. दुसऱ्या ट्रंकेतल्या तिसऱ्या थरातली अकरावी वस्तू म्हणजे २/३/११. असा क्रमांक पाहताच वस्तू कुठे होती ते कळते, म्हणून टप्पा ३ फुकट जात नाही.

कागदावर मागच्या बाजूला, कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने. फोटोवर दाब न देता. लाकूड-पितळेला सुती दोऱ्याने चिठ्ठी. कापडाला चिंधीवर लिहून दोन सैल टाके. नोंदवहीत क्रमांक, घरात त्या वस्तूला म्हणतात ते नाव, माप, साहित्य, स्थिती, कोणी काय सांगितले आणि कोणत्या तारखेला. "घरातले नाव" हा रकाना सोडू नका. कॅटलॉगमधले इंग्रजी नाव कधीही शोधता येते. मदतनीस ज्याला "म्हातारीची पेटी" म्हणायचा ते नाव दुसऱ्या कुठल्याही जागी लिहिलेले नाही.

तपासा: एका खेळाच्या सगळ्या वस्तूंना जोडणारी नोंद आहे का? पेटी एका खोलीत, तिची फळी दुसऱ्या ट्रंकेत आणि तिची कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये असे नेहमी घडते.

टप्पा ५: हॅन्डबिले आणि तिकिटे यांचे वर्ष काढणे

कागद हा या ठेव्यातला सगळ्यात बोलका भाग, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. हॅन्डबिलवर "रविवार दि. १४ ऑक्टोबर, रात्रौ ९।। वाजता" एवढेच असते, वर्ष नसते. घरची मंडळी अंदाजाने "साधारण ५०-५५ साल" असे मागे लिहून टाकतात, आणि पुढे तो अंदाज पुरावा म्हणून फिरतो. अंदाज लिहू नका. वर्ष काढता येते.

पहिली पायरी, वार आणि तारीख जुळवा. १४ ऑक्टोबरला रविवार १९५१, १९५६, १९६२ आणि १९७३ मध्ये येतो. कोणत्याही शंभर वर्षांच्या कॅलेंडरमधून ही यादी निघते.

दुसरी पायरी, तिकिटाचा दर पाहा. आण्यांत असेल तर बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचे, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. "न. पै." म्हणजे नवे पैसे असतील तर १९५७ ते १९६४ च्या मधले. जून १९६४ पासून "नवे" हा शब्द गेला. वरच्या हॅन्डबिलवर "२ रु. ५० न. पै." असेल तर चार वर्षांतून एकच उरते, १९६२.

आणखी खुणा: पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे. "मुंबई राज्य" असेल तर १ मे १९६० पूर्वीचे. तिकिटावर करमणूक कराचा उल्लेख असेल तर जुलै २०१७ पूर्वीचे, कारण तेव्हा तो वस्तू व सेवा करात विलीन झाला. स्थळ बालगंधर्व रंगमंदिर असेल तर १९६८ च्या आधीचे असूच शकत नाही. शके दिले असेल तर त्यात ७८ मिळवा, जानेवारी ते गुढीपाडवा या काळासाठी ७९.

दोन खुणा जुळल्या तरच वर्ष लिहा, आणि कशावरून काढले तेही शेजारी लिहा. उरलेली जुनी हॅन्डबिले नंतरच्या प्रयोगाला दर खोडून वापरत, म्हणून एका खुणेवर विसंबू नये.

सावधान: हॅन्डबिलवरची जुनी सेलोटेप ओढून काढू नका. कागदाचा वरचा थर तिच्याबरोबर निघतो. लॅमिनेशन तर कधीच नको. ते उलटवता येत नाही आणि उष्णतेने शाई व कागद कायमचे बदलतात. वहीत जांभळट अक्षर दिसले तर ती बहुधा कॉपिंग पेन्सिल. पाण्याचा थेंब पडला की पसरते, म्हणून ओले फडके जवळही नको.

टप्पा ६: स्वच्छता, आणि कुठे थांबायचे

आता कुठे ब्रश हातात घ्या. नियम एकच, कोरड्या मऊ ब्रशने सुटी धूळ काढा आणि थांबा.

पितळी वाट्या, लोटे, नळ्या चिंच-लिंबाने किंवा पितळ उजळवण्याच्या पावडरीने घासू नका. वरचा मुलामा, लाखेचा पातळ थर आणि हाताळण्याने आलेली झीज हे सगळे त्यात जाते. बोटांच्या जागी गुळगुळीत झालेला काठ वस्तू कशी धरायचे ते सांगतो. लाकडी पेट्यांचा उडालेला रंग परत लावू नका. आतला काळा रंग किंवा मखमल "मळकट" वाटली तरी ती काळी असण्याला कारण होते. रेशमी रुमाल धुऊ नका, रंग सुटतात. इस्त्रीही नको. मांजरपाटात सैल गुंडाळी करा.

रबराचे भाग, फुगे, जुने रबरबँड वितळून चिकट होतात आणि शेजारच्या वस्तू काळ्या पाडतात. ते वेगळे करा, पण फेकू नका. माप आणि जागा लिहून वेगळ्या पिशवीत ठेवा.

पिसांच्या फुलांना आणि लोकरी कापडाला कसर लागलेली असेल तर पॉलिथिनच्या दोन पिशव्यांत घट्ट बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण दिवस उघडू नका, नाहीतर दव धरते. फोटो, फिती, रंगवलेले लाकूड आणि सेल्युलॉइड यांना हा उपाय करू नका.

बुरशी दिसली तर मास्क लावा, वस्तू वेगळी करा, आधी कोरडी होऊ द्या. ओल्या बुरशीवर ब्रश फिरवला की ती आत मुरते. मोठे पोस्टर फाटलेले असेल किंवा कापडावर चिकटवलेले असेल तर तिथे थांबून संवर्धकाकडे जा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारणा करता येते.

टप्पा ७: ठेवायचे कुठे

माळा नको, जमीन नको, पावसाची झड खाणारी भिंत नको. लोखंडी कपाट चांगले, पण भिंतीपासून चार बोटे पुढे आणि विटांवर उंच. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला वाव मिळतो. आर्द्रता-मापक आता सहज मिळतो, तो कपाटात ठेवा. कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर सिलिका जेल लागेलच. रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा, आणि निळ्यापेक्षा नारिंगी दाण्यांचे घ्या, कारण निळ्यातला कोबाल्ट क्षार विषारी आहे.

कागद-फोटो पीव्हीसीच्या चकचकीत फोल्डरमध्ये नकोत, ते कालांतराने चिकटतात. पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटे घ्या, मायलर म्हणून विचारा. डांबराच्या गोळ्यांऐवजी वेखंडाची पुरचुंडी ठेवली तर चालते, मात्र तिने कागदाला शिवू नये. आणि वर्षातून दोनदा कपाट उघडून बघण्याला कोणताच पर्याय नाही.

टप्पा ८: स्कॅन, कॅसेट, फिल्म

फोटो ६०० डीपीआय, हॅन्डबिले ४०० डीपीआय, मूळ प्रत टिफ स्वरूपात. फाइलचे नाव म्हणजे वस्तूचा क्रमांक. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत मूळ मानू नका, ती आक्रसलेली असते.

व्हीएचएस आणि ऑडिओ कॅसेट सर्वात आधी घ्या, कारण चालणारी यंत्रे कमी होत चालली आहेत. कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची छोटी पट्टी तोडा, म्हणजे चुकून त्यावर ध्वनिमुद्रण होणार नाही. फितीवर पांढरी पूड दिसली तर घरच्या यंत्रात घालू नका. "नुसतं संगीत आहे" म्हणून कॅसेट टाकू नका. संगीत कुठे थांबते त्यावरून खेळांचा क्रम आणि वेळ दोन्ही कळतात.

८ आणि १६ मिलिमीटरच्या फिल्मला व्हिनेगरचा वास येत असेल तर ती कुजू लागली आहे, इतर फिल्मपासून वेगळी करा आणि लवकर रूपांतर करून घ्या. ३५ मिलिमीटरची, पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीपूर्वीची फिल्म सापडली तर ती नायट्रेटची, म्हणजे ज्वालाग्राही असू शकते. घरात ठेवू नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी बोला.

टप्पा ९: गुपिताचे काय करायचे

इथे दोन टोकाच्या चुका होतात. एक जण गुपित राखायचे म्हणून तंत्राची वही जाळतो. दुसरा पेटीचा चोरकप्पा उघडून त्याचा व्हिडिओ टाकतो. पहिल्याने इतिहास संपतो. दुसऱ्याने ज्यांचे पोट अजून त्या खेळावर आहे त्यांच्या ताटात माती पडते. मला दोन्हींचा राग येतो.

नोंदीचे तीन भाग करा. पहिला सर्वांसाठी: पोस्टर, फोटो, पोशाख, आठवणी. दुसरा जादूगार आणि अभ्यासक यांच्यासाठी: खेळाची मांडणी, बोलायची वाक्ये, संगीत. तिसरा बंद: यंत्रणा कशी चालते, खिसे कुठे. तिसरा भाग वेगळ्या वहीत, वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि तो कोणाच्या परवानगीने व कोणत्या वर्षी उघडायचा हे वर लिहून. तंत्र लिहा जरूर. वीस वर्षांनी पेटी हातात घेणाऱ्याला ती कशी चालते हे कळले नाही, तर ती लाकडाची पेटी आहे, जादूची नव्हे. पुण्याच्या रघुवीर घराण्यात जादूगार रघुवीर, विजय रघुवीर आणि जितेंद्र रघुवीर अशा तीन पिढ्यांनी रंगमंच चालवला. घरातच वारसा चालतो तेव्हा तंत्र हातातून हातात जाते. बहुतेक घरांत तसे होत नाही, तिथे वहीच लागते.

पहिला भाग प्रसिद्ध करतानाही एक पाहा: फोटो कोणत्या स्टुडिओने काढला? भारतात छायाचित्राचा स्वामित्वहक्क २०१२ च्या कायदादुरुस्तीपर्यंत प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे असायचा; आता तो छायाचित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे असतो. फोटोची प्रत तुमच्याकडे आहे म्हणून हक्क तुमचा होत नाही.

टप्पा १०: विकत घेणे, देणे, विभागणे

संग्राहकांसाठी थोडे. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवारी, मुंबईच्या चोर बाजारात आणि रद्दीच्या दुकानांत अजूनही हॅन्डबिले आणि सुटे सामान येते. परदेशी जुनी पोस्टरे म्हणून जे दाखवले जाते त्यातले पुष्कळ अलीकडचे छापील असते. भिंग लावा. हॅम्बुर्गच्या फ्रीडलेंडर किंवा सिनसिनाटीच्या स्ट्रोब्रिज छापखान्याच्या मूळ शिळाछाप पोस्टरवर रंगाचे अनियमित दाणे दिसतात. नव्या ऑफसेट छपाईत सारख्या अंतरावरचे ठिपके गुलाबासारखे मांडलेले दिसतात. ठिपके दिसले की "शंभर वर्षे जुने" ही किंमत देऊ नका. आणि वस्तू घेताना ती कोणाच्या घरातून आली ते विचारून त्याच दिवशी लिहा. विक्रेता पुढच्या आठवड्यात विसरतो.

भारतातून बाहेर पाठवताना पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ पाहा. शंभर वर्षे जुनी वस्तू, आणि ऐतिहासिक मोलाचे ७५ वर्षे जुने हस्तलिखित किंवा दस्तऐवज पुरावस्तू ठरू शकतात. त्यांची खासगी निर्यात करता येत नाही.

संस्थेला देताना सामान आणि कागद वेगळे करू नका. १९२६ मध्ये अमेरिकेतले विख्यात जादूगार हॅरी हुदिनी गेले. त्यांची जादूवरची पुस्तके वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे गेली, खेळांचे सामान भाऊ हार्डीन यांच्याकडे गेले आणि पुढे आणखी हातांत विखुरले. एवढ्या गाजलेल्या माणसाचाही एक खेळ समजून घ्यायला अभ्यासकाला दोन-तीन शहरे गाठावी लागतात. आपल्या घरात तीन भावंडांनी एकेक ट्रंक वाटून घेतली की हेच होते. वाटणी करायचीच असेल तर खेळानुसार करा, ट्रंकेनुसार नको, आणि नोंदवहीची पूर्ण प्रत तिघांकडे राहू द्या.

देण्यापूर्वी संस्थेकडून चार गोष्टी लेखी घ्या: वस्तू कायमची दिली की काही काळापुरती, बंद भागाच्या अटी पाळल्या जातील का, प्रदर्शनात मदतनीसाचे आणि पत्नीचे नाव येईल का, आणि संस्थेला पुढे नको झाले तर सामान विकण्याआधी घरच्यांना विचारले जाईल का. चौथ्याला नकार आला तर स्कॅन केलेल्या प्रती द्या, आणि मूळ सामान आपल्याकडेच, विटांवरच्या लोखंडी कपाटात राहू द्या.